थोरलं भावंड

काकाकुव्यानं दारसोनोंच्या नव्या बाटिक शर्टाचं वरचं बटण चोचीत धरलं, दोऱ्यासकट तोडलं आणि फरशीवर टाकून दिलं. मग मान तिरकी करून तो दुसऱ्या बटणाकडे बघू लागला.

“घ्या, सोयरीक पक्की झाली,” दारसोनो म्हणाले. “अंगाला हात घालायला लागला म्हणजे घरचाच.”

पद्मोबाईंच्या पडवीत हसू पसरलं. जावा बेटावरच्या सोलो शहरातलं हे बाटिकच्या व्यापाऱ्याचं घर, पडवीभर पिंजरे टांगलेले. लग्न ठरलं की मुलीकडच्यांनी इथला एक पक्षी निवडून न्यायचा, अशी या घराण्याची रीत. घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी असल्याशिवाय पुरुष पुरा होत नाही, असं जावात म्हणतात. घोडे आता गेले, कट्यारी कपाटात गेल्या. पक्षी आणि बायका तेवढ्या अजून घरात असतात.

दारसोनोंची एकुलती एक लेक वेनिंग पुढच्या महिन्यात या घरात येणार होती, पद्मोबाईंच्या धाकट्या मुलाची, सेतोची बायको होऊन. थोरला मुलगा बोर्नियोच्या कोळसा खाणीवर असायचा आणि ईदेपुरता घरी यायचा. त्याची बायको रुमिनी चहाचा सरंजाम घेऊन आत-बाहेर करत होती. पाहुणे आल्यापासून तिनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

“आपण पारवाच घेऊ,” वेनिंगची आई सुहार्ती नवऱ्याला म्हणाली. “याची चोच बघितलीत? खिडकीच्या चौकटी खाईल हा. आणि साठ-साठ वर्षं जगतात म्हणे. आपल्यामागं कोण बघणार याच्याकडं?”

“मी आहे की, इबू,” वेनिंग आईला म्हणाली.

“तू तर इथं नांदायला येणार.”

“मग येताना त्यालाही आणीन. फुकटचं माहेर होईल बिचाऱ्याला.”

“नाव तरी ऐक त्याचं,” दारसोनो बायकोला म्हणाले. “काका-तुआ. थोरलं भावंड! पोरीला आपण दुसरं भावंड देऊ शकलो नाही. हे आयतं मिळतंय, तेही न रडणारं.”

सेतो पिंजऱ्याजवळ आला. बोलण्याआधी त्यानं सवयीनं जीभ दोनदा टाळ्याला लावली. च्क, च्क. रोज सकाळी वेनिंगच्या फोनवर त्याचा निरोप यायचा, तोही असाच सुरू व्हायचा. च्क, च्क, आणि मग मऊ आवाजात, “उठलीस का गं?” मैत्रिणी त्यावरून तिला चिडवायच्या आणि ती चिडायची नाही.

“हा नका घेऊ, बापा,” सेतो होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाला. “फार घाण करतो. ते पारवे बघा, घुमतात छान.”

तेवढ्यात रुमिनीनं तबक मेजावर ठेवलं. कपबशा किणकिणल्या. काकाकुव्यानं एकदम तुरा पाडला, मान खाली घातली आणि बाईच्या बारीक आवाजात तो म्हणाला, “क्षमा असावी. माझंच चुकलं. पुन्हा व्हायचं नाही.”

सगळे थक्क झाले. जावात मोठ्यांशी बोलायची बोली वेगळी, धाकट्यांना सुनवायची वेगळी. ती वरची बोली बोलताना शिकलीसवरली पोरंही आता चार ठिकाणी अडखळतात. आणि या पाखरानं एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

“वा!” दारसोनोंनी मांडीवर थाप मारली. “वेनिंग, शिकवणी लाव याच्याकडं! असं बोललीस तर सासरी नाव काढशील.”

“जुनी मोलकरीण होती एक,” सेतो हसत म्हणाला. “तिचं ऐकून शिकलाय.”

रुमिनी चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, तरी तिचा हात थांबला नाही. धांदरट दिसतेय पोरगी, असं सुहार्तीच्या मनात आलं.

पद्मोबाईंनी पारव्यांची पुष्कळ तारीफ केली. पण ‘हवा तो न्या’ हा शब्द त्यांच्याच तोंडून गेला होता, आणि वेनिंगचं मन काकाकुव्यावर बसलं होतं. शेवटी पिंजरा गाडीच्या मागच्या सीटवर चढला. शेजारी पद्मोबाईंनी दिलेली भेटीची टोपली ठेवली. तिच्यात फणसाच्या वड्या होत्या आणि नव्या कपबशांचा संच.

दारसोनोंनी गाडी सुरू केली, तशी रुमिनी फाटकातून धावत आली. हातात पिंजऱ्यावर घालायचं कापड होतं.

“क्षमा असावी,” ती म्हणाली. “हे राहिलं.”

कापड घ्यायला पुढं केलेला सुहार्तीचा हात तसाच राहिला. तोच बारीक आवाज, शेवटाकडे विरत जाणारा. कुठली मोलकरीण!

“म्बाक, आल्यावर तुमच्याकडून स्वयंपाक शिकणार हं मी,” वेनिंग मागून म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात ते म्बाक, ती पहिल्या भेटीपासून रुमिनीला म्हणायची.

रुमिनीनं तिच्याकडे पाहिलं, मग मागं वळून फाटकात उभ्या असलेल्या सेतोकडे. कापड सुहार्तीच्या हातात कोंबताना ती पुटपुटली, “त्याच्यापुढं कपबशा वाजवू नका.”

शहर मागं पडून उसाची शेतं लागली. तेव्हा सुहार्तीनं पाखराचा तो आवाज रुमिनीचाच असल्याचं सांगून टाकलं.

“थोरला तापट असेल,” दारसोनो म्हणाले.

“थोरला वर्षातून एकदा येतो. ईदेला एकदा ऐकून पाखरू शिकतं का?”

“मग सासू असेल. सासवा बोलतातच. माझी आई तुला कमी बोलायची?”

“बोलायच्या. पण मी त्यांच्यापुढं असं कधी गयावया केलेलं आठवतं तुम्हाला?”

दारसोनोंना आठवलं नाही. त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला.

“हे बघ, पत्रिका गेल्यात,” ते म्हणाले. “मांडववाला सांगून झालाय. आणि आपल्याला सासूशी काय करायचंय? मुलगा लोण्यासारखा आहे. पाखराच्या बोलण्यावरून कुणी लग्न मोडतं का? लोक तोंडात शेण घालतील.”

मागं किणकिण झाली.

वेनिंगनं टोपलीतला एक कप काढला होता आणि ती तो बशीवर आपटत होती. सुहार्ती वळून “नको” म्हणणार, तोच कापडाखालून आवाज आला.

“क्षमा असावी. माझंच चुकलं. पुन्हा व्हायचं नाही.”

वेनिंगनं कप पुन्हा आपटला, जोरात.

“क्षमा असावी. माझंच चुकलं...”

आणि मग, च्क, च्क.

“गप,” काकाकुवा म्हणाला. आवाज पुरुषाचा होता, मऊ आणि बिनघाईचा. बोली मात्र कुत्र्याला हाकलायची. “रडलीस तर याद राख. हात पुढं कर.”

दारसोनोंनी गाडी कडेला घेतली. हात पुढं करायला कशासाठी सांगितलं असेल, हे कुणी विचारलं नाही. थोरल्या भावजयीशी कुणी त्या बोलीत बोलतो, एवढ्यानंच सुहार्तीच्या अंगावर काटा आला होता. तिला भरलेली बशी आठवली. कढत चहा बोटांवरून वाहत होता आणि त्या पोरीनं ‘स्स’सुद्धा केलं नव्हतं. धांदरट म्हटलं होतं आपण तिला. तिला स्वतःची शिसारी आली.

वेनिंगनं कप बशीवर ठेवला, तसा तो पुन्हा किणकिणला. तिनं तो उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“बरं,” दारसोनो म्हणाले. त्यांचा हात शर्टाचं बटण तुटलेल्या जागी चाळा करत होता. “नाही करायचं हे लग्न. लोकांचं बघतो मी. चल, घरी जाऊ.”

“गाडी फिरवा, बापा.”

“आता कशाला? काय राहिलंय तिथं?”

“थोरलं भावंड.”

“अगं, ते तर तुझ्याशेजारी आहे.”

“हे एक आणलं,” वेनिंग म्हणाली. “म्बाक राहिलीय.”

दारसोनोंनी आरशातून लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. सुहार्तीनं मागं वाकून टोपली उचलली. तिनं वेनिंगच्या हातातला कप घेऊन रुमालात गुंडाळला आणि गाडी वळताना काही वाजू नये म्हणून टोपली पोटाशी घट्ट धरून बसली.