मागच्या सीटचा आवाज

मास्तरांची गाडी कार-स्टिरिओच्या दुकानासमोर थांबली तेव्हा पक्कड दुसऱ्याच गाडीच्या डॅशबोर्डात खांद्यापर्यंत घुसलेला होता. तरी त्याला कळलं. त्या गाडीचा हँडब्रेक ओढला की गंजलेल्या कडीसारखा करकरतो, आणि ती करकर ऐकतच तो मोठा झालेला. हातातली वायर सोडून त्यानं डोकं बाहेर काढलं. स्टिअरिंगवर ताई होती. एकटीच.

त्याच्या हातात कायम पक्कड असायची म्हणून दुकानात त्याचं नावच पक्कड पडलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं शाळा सोडली. त्याच शाळेत बाप, म्हणजे मास्तर, गणित शिकवायचा, त्यामुळे घरात जेवढा भडका उडाला त्याच्या दुप्पट मास्तरांच्या स्टाफरूममध्ये उडाला. मास्तरांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की आजपासून माझ्या गाडीत पाय ठेवायचा नाही. घरातून जा असं ते म्हणालेच नव्हते. पण ह्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग, ह्यानं पिशवी भरली आणि मामाचं घर गाठलं. आई तिथं येऊन भेटून जायची. मास्तर तिला सोडायला यायचे, पण गाडी कोपऱ्यावरच थांबवायचे. हा गच्चीवरून बघायचा. गाडीचं पांढरं छप्पर दिसायचं, आतला माणूस नाही.

ताईनं किल्ली पुढे केली. कंपनीचा स्टिरिओ काढून मोठ्या स्क्रीनवाला बसवायचाय, बाबांनी सांगितलंय, पुढचे स्पीकर कधीचे मेलेत म्हणे.

"आणि दुकान हेच सापडलं का त्यांना?"

"मला काय विचारतोस? त्यांनी पत्ता लिहून दिलाय. कोपरा, पाटीचा रंग, सगळं. जसं काय मला ठाऊकच नाही."

"मग स्वतः का नाही आले?"

"पेपर तपासतायत."

"कायम पेपरच तपासा म्हणावं."

दुकान वहिनीचं होतं. सगळे तिला वहिनीच म्हणायचे, गिऱ्हाईकंसुद्धा. नवरा गेल्यावर तिनं धंदा बंद केला नाही आणि त्याचे दोन नियमही मोडले नाहीत. पहिला: जुनी सिस्टीम आधी ऐकायची, मगच बॅटरीचं टर्मिनल काढायचं. दुसरा: नवी बसवून झाली की गाडी चालवणाऱ्या माणसाला त्याच्या जागेवर बसवायचं, प्रत्येक स्पीकरपासून त्याच्या कानापर्यंत टेपनं अंतर मोजायचं आणि तो आकडा मशीनमध्ये भरायचा. म्हणजे चारही स्पीकरचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचतो.

पक्कडनं ड्रायव्हरचं दार उघडलं. दोन्ही पाय बाहेर जमिनीवर ठेवले आणि तिथूनच ओणवा होऊन स्टिरिओ लावला. पुढे सामसूम. गाणं वाजत होतं ते फक्त मागून, उजव्या कोपऱ्यातून. त्यानं बटणं दाबून सेटिंग काढलं. सगळा आवाज मागे ढकललेला, आणि तिथून पुन्हा उजवीकडे. त्यानं तो जरासा पुढे आणला. पुढचे स्पीकर खरखरले, धूळ झटकल्यासारखे, आणि ठणठणीत गायला लागले.

मेलेबिले काही नव्हते. त्यांना गप्प बसवलेलं होतं.

त्यानं घाईघाईनं सेटिंग होतं तिथं नेऊन ठेवलं. दुसऱ्याच्या खिशात हात गेल्यासारखं झालं त्याला.

ड्रायव्हरच्या मागची सीट त्याची होती. पुढची ताईची, ती मोठी म्हणून. मागे बसून हा सहा वर्षांचा असल्यापासून कटकट करायचा की मला गाणं ऐकू येत नाही. मास्तरांना गाण्याचं वावडं, डोक्यातली गणितं बिघडतात म्हणायचे. एक दिवस त्यांनी गाडी कडेला घेतली, बटणं दाबली आणि सगळा आवाज पोराच्या कानाशी नेऊन ठेवला. मग निघताना रोज आरशात बघून विचारायचे, "ऐकू येतंय का?" आणि हा रोज म्हणायचा, "अजून मोठं."

आता तीन वर्षं त्या सीटवर कुणी नव्हतं. मास्तर म्हणजे मिक्सर आणला तरी त्याचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचणारा माणूस. ते बटण त्यांना माहीत नव्हतं, हे शक्यच नाही. रिकाम्या सीटला गाणी ऐकवत हिंडत होते.

ताईला त्यानं ह्यातलं काही सांगितलं नाही. स्क्रू काढायला लागला.

काम चार तास चाललं. पॅनल निघालं, जुना स्टिरिओ निघाला, वायरी रंगाला रंग जुळवून सोल्डर झाल्या, चारही दारांत नवे स्पीकर बसले. आणि एवढ्या वेळात पठ्ठ्यानं गाडीत पाय म्हणून ठेवला नाही. गालिच्याखालून वायर न्यायची तर उंबऱ्यावर पोट टाकून आडवा, पाय बाहेर लोंबतायत. वहिनीनं दोनदा येऊन बघितलं. आत पाणी भरलंय का, तिनं विचारलं. हा वायर ओढत राहिला. बसायला जागा असताना हे काय सोंग, असं पुटपुटत ती गेली.

संध्याकाळी ताईला तो म्हणाला की सेटिंग राहिलंय, चालवणाऱ्याला यावं लागेल.

"मीच चालवत आणली ना? माझा कान घे."

"तू त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी आहेस."

ताईनं पर्स खांद्याला अडकवली. मग हळूच म्हणाली, "येतील असं वाटतंय तुला?"

तो टेप गुंडाळत बसला. गुंडाळून झालेली टेप पुन्हा बाहेर काढून पुन्हा गुंडाळली. ताई रिक्षानं घरी गेली.

दुसरा दिवस कोरडा गेला. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली की गाडीनं जागा अडवलीये. आज पाचपर्यंत कुणी आलं नाही तर मी माझ्या कानानं सेट करते आणि गाडी घरपोच पाठवते.

तिचं काही चुकत नव्हतं. तरी तो तिच्यावर गुरगुरला, एका गिऱ्हाइकावर गुरगुरला, आणि चांगली क्लिप मोडली. रस्त्यावर कुणी चालत आलं की मान वर. नेहमी हँडब्रेकवरून कळायचं, पण आता गाडी इथं. बाबा चालत आले तर त्यांचं पाऊल कसं वाजतं, हे त्याला आठवेना. जीव तोडून आठवून बघितलं तरी आठवेना.

पाच वाजले. वहिनीनं टेप उचलली, गाडीचं दार उघडलं.

"सेटिंगसाठी माझी गरज आहे असं कळलं," मागून कुणीतरी म्हणालं.

बाहीला खडू लागलेला होता. शाळेतून थेट, चालत. मास्तर पक्कडकडे न बघता जाऊन स्टिअरिंगवर बसले आणि दोन्ही हात चाकावर ठेवले, फोटो काढायला बसल्यासारखे. वहिनीनं टेप पक्कडच्या हातात दिली.

त्यानं खिडकीतून वाकून टेपचं टोक दाराच्या स्पीकरला लावलं, दुसरं कानाशी नेलं. कानावरचे केस पांढरे झाले होते. हे गच्चीवरून दिसलं नव्हतं. त्यानं आकडा वाचला, शहाण्णव.

"साडेशहाण्णव," मास्तर मान न वळवता, टेपकडे तिरकं बघत म्हणाले. "अर्धा कुठे टाकलास?"

पुन्हा मोजलं. साडेशहाण्णवच होते.

मागच्या दाराचं माप घेताना तो बाहेरूनच आत झुकला. टेप सटकली. पुन्हा झुकला, पुन्हा सटकली. मास्तर आरशात बघत होते. त्याचे गुडघे बघत होते, बाहेरचे पाय बघत होते.

"असं लोंबकळून माप बरोबर येतं का?"

"येतं."

"येत नाही." मास्तरांनी घसा खाकरला. "आत बस."

त्यानं मग बुटांचे तळवे जमिनीला घासले, दोनदा, आणि उजवा पाय आत ठेवला. बसला. गुडघे पुढच्या सीटला टेकले, पूर्वी टेकायचे नाहीत.

त्यानं विचारलं की आवाज कुठे ठेवायचा. मास्तरांनी नव्या स्क्रीनवर बोट टेकवलं, पहिल्याच फटक्यात सेटिंगचं पान काढलं. गाडीचं चित्र आलं, मधोमध एक ठिपका. बोटानं तो ठिपका त्यांनी सरळ मागच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन सोडला.

बाहेर वहिनी म्हणत होती की मग एवढी मापं घेतली ती काय चुलीत घालायची.

मास्तरांनी आरसा जरासा फिरवला. "ऐकू येतंय का?"

येत होतं. कानाच्या अगदी जवळ.

"अजून मोठं," पक्कड म्हणाला.