लाल बियाणं

जाळ्याची गाठ पुन्हा सुटली तेव्हा पुंजाजीनं जाळं मांडीवरून खाली ढकललं आणि तो स्वतःच्या बोटांकडे पाहत बसला. बोटं दिसत होती, पण सुतळी त्यांच्यात आहे की नाही, ते कळत नव्हतं.

"बोटं मेली वं माही," तो म्हणाला.

त्याची बायको केसरबाई चुलीपुढे बसून मरळीचे तुकडे रश्शात सोडत होती. "थंडीचे दिवस हायेत. शेका जरा."

डोणगावजवळच्या त्या खेड्यात भोयाचं हे एकच घर होतं. पुंजाजी गावामागच्या तलावात मासे धरायचा आणि केसरबाई ते डोणगावच्या बाजारात विकायची. उरलेली मासळी घरी शिजे. डोकं आणि पोटाकडचा तुकडा पुंजाजीच्या ताटात पडे, कारण दिवसभर पाण्यात उभा राहणारा तो होता. ती भाकर रश्शात कुस्करून भागवायची.

थंडी सरली तरी बोटं जागी झाली नाहीत. ओठांना मुंग्या येऊ लागल्या. बाजूने बैलगाडी अंगावर येई तोवर दिसेना. चालताना पाय भलतीकडे पडू लागले, जीभ जडावली. पुंजाजी दारू प्यायला लागला, असं गावात बोललं जाऊ लागलं. केसरबाई आधी बायांशी भांडली. मग एका संध्याकाळी तो ओसरीवर बसलेला असताना तिनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्यानं घेऊ दिला.

फाल्गुनात त्यांचं मांजर अंगणात एकाच जागी गरगर फिरू लागलं, आणि फिरता फिरता मेलं. त्यानंतर तिनं पुंजाजीला एस्टीत बसवून मेहकरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुंजाजीला डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं.

"घरात आणखी कोणाला असं झालंय का?"

"मान्साले नाई झालं. मांजर मेलं."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "काय खात होतं ते?"

"आमी खातो तेच. मासे."

मग त्यांनी तिचेही हात पाहिले. तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. जपानात एका खाडीकाठी मासे खाऊन माणसं आणि मांजरं अशीच आजारी पडल्याचं डॉक्टरांच्या वाचण्यात आलं होतं. त्यांनी तलावातले मासे मागवून घेतले, नागपूरला तपासायला पाठवले. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. माशांत पारा होता.

"पारा हा धातू आहे," डॉक्टर म्हणाले. "धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. ते मासे आता कोणीच खायचे नाहीत."

"आन् यायची बोटं?" तिनं नवऱ्याकडे पाहत विचारलं.

"आहे त्याहून वाढू नये, एवढं बघू."

"पन आमच्या तलावात धातू येईन कुठून, डाक्टरसाब?"

"बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध लावतात. त्यात पारा असू शकतो. लाल रंगाचं बियाणं गावात आलं होतं का?"

आलं होतं. गेल्या पावसाळ्यात हायब्रीड ज्वारीची पोती अर्जुनराव पाटलांकडे उतरली होती. उशिरा आली म्हणून पेरायची राहिली. परत आल्यावर केसरबाई तशीच त्यांच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पाटील, ते लाल बियाणं कुठी टाकलं तुमी?"

"तलावात. काऊन?"

तिनं सगळं सांगितलं. अर्जुनराव सुपारी कातरत होते, ते थांबले.

"केसर, गेल्या साली लोकायच्या घरात दाना नोता," ते म्हणाले. "पोत्यावर कवटीचं चित्र होतं. उकिरड्यावर टाकलं असतं तं कोनी वेचून नेलं असतं, धुऊन दळून खाल्लं असतं. कोनाच्या पोटात जाऊ नये म्हनून मीच गाडी जुपली, आन् खोल पान्यात पोते उलटे केले."

ती भांडायला आली होती. वाटेभर शब्द जुळवत आली होती. आता त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"आमच्या घरीबी तुहेच मासे येत," अर्जुनराव हळूच म्हणाले. "सुनेले दिवस हायेत."

केसरबाई पदर सावरून घरी आली.

पुढच्या बाजारी ती टोपली न घेताच आपल्या जागेवर जाऊन बसली. तलावाचे मासे खाऊ नका, असं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत राहिली. कोणी हसलं, कोणी तिथंच थुंकलं. इतकी वर्षं तिच्याकडून मासे नेणाऱ्या सिंधूताईनं विचारलं, "मंग आतापावतर काऊन इकले वं आमाले?"

"मले आता समजलं, ताई. आमीबी तेच खाल्ले."

मग तिनं पैनगंगेचे मासे आणून पाहिले. तेही कोणी घेईना. पावसाळा संपल्यावर ती मेहकरच्या सडकेवर गिट्टी फोडायला जाऊ लागली. अर्जुनरावांच्या सुनेला मुलगा झाला. महिने उलटले, तरी तो मान कधी धरेल, याची घरचे वाट पाहत होते.

तलावात आता जाळं पडत नव्हतं. मासे मातले होते, काठाशी उसळी मारत. गावातले कोणी जात नसत, पण सडकेनं येणारे परगावचे लोक गळ घेऊन उतरत. पुंजाजी सकाळपासून तलावाच्या बांधावर, पाळेवर बसायचा. चाहूल लागली की ओरडायचा. जीभ वळत नसे, त्यामुळे लोकांना वाटे, पिऊन बडबडतोय.

कामाला सुट्टी होती त्या दिवशी केसरबाई त्याच्याजवळ बसली होती. दोघे जण गळ घेऊन पाण्याशी गेले. पुंजाजी हात हलवत उठला, ठेचकाळला, पुन्हा सावरला.

"अबे, का बोंबलून राह्यला?" एकानं विचारलं. "तलाव तुह्या बापाचा हाय का?"

केसरबाई समजावून सांगायला उठत होती. पुंजाजीनं एकेक अक्षर तोंडातून ढकलून काढलं.

"हाव. माहा हाय."

ते दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग कुरकुरत त्यांनी गळ गुंडाळले आणि पाळ चढून सडकेला लागले. पुंजाजी होता तिथंच उभा राहिला. ते ज्या बाजूने गेले, तिकडचं त्याला दिसत नव्हतं.

"गेले का?" त्यानं विचारलं.

"गेले," केसरबाई म्हणाली, आणि त्याला बसायला हात दिला.