रंगाखालचं मीठ

"वहिनी, तुम्ही इथं?" दिरानं ट्रॅक्टर बंद केला आणि हसला. "बरं झालं. घरचं काम घरातच राहिलं."

घरचं! भाऊ जाऊन महिना उलटला नाही तोच ह्यानं त्याच्या ट्रॅक्टरची किल्ली खुंटीवरून उचलली होती आणि वहिनीला माहेरचा रस्ता दाखवला होता. तेव्हापासून ती ह्या टायरच्या दुकानात चाकांच्या लोखंडी रिम धुण्या-रंगवण्याचं काम करत होती. काम नवऱ्यानंच शिकवलेलं.

मागच्या टायरात वजनासाठी भरलेलं खारं पाणी व्हॉल्व्ह तुटून उडालं होतं. रिम, नटबोल्ट, मडगार्ड, सगळीकडे पांढरी पुटं. असलं पाणी लोखंडाला वाळवीसारखं लागतं. नुसतं पुसून रंग दिला तर रंग वरून शाबूत राहतो आणि खाली चाळण होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "टायर उतरवून सोड्याच्या पाण्यानं धुवायला हवं. मग साध्या पाण्यानं. पुरतं वाळलं की घासून प्रायमर. उद्यापर्यंत ट्रॅक्टर राहू द्या, नाहीतर रिम गंजेल."

ह्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. पण बाईनं शहाणपण सांगितलं की ह्या माणसाच्या नाकाला मिरच्या झोंबतात, हे ती लग्न झाल्यापासून बघत आली होती. म्हणून तर सांगितलं. तेही चारचौघांत, जरा मोठ्यानं.

"झालं सुरू! दादा जन्मभर चाकंच धूत बसला, काय मिळवलं? व्हॉल्व्ह बदला, वरून रंग मारा. आणि ती मडगार्डवरची कडी काढून फेका, कपडे अडकतात."

"बघा हं. नंतर म्हणाल, वहिनी बोलल्या नाहीत."

"रंग मारा म्हटलं ना!"

मारला. इतक्या मन लावून तिनं कधी रंग मारला नव्हता. पुटं कोरड्या फडक्यानं पुसली, वर लाल रंगाचे दोन हात दिले. मनात उकळ्या फुटत होत्या. गंजू दे. एकेक नट हातात तुटून येऊ दे मेल्याच्या.

"एक नंबर!" म्हणत दीर ट्रॅक्टर घेऊन गेला.

कडी तिनं फेकली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच ती मडगार्डवर बसली होती आणि खड्डा आला तशी किंचाळली होती. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी तिला धरायला ही कडी बसवली. आता तिनं ती सोड्याच्या पाण्यात बुडवली, खळखळून धुतली, उन्हात वाळवली, तारेच्या ब्रशनं घासली आणि तेलाचा हात फिरवून पिशवीत टाकली.

संध्याकाळी बसमध्ये जागा नव्हती, ती उभीच होती. बस खड्ड्यात आदळली तसा तिचा हात वरच्या दांड्याकडे न जाता पिशवीत गेला. तिनं कडी घट्ट धरली. ती आता कशालाच जोडलेली नव्हती.