ब्रेकची मौनदीक्षा

शनिवारी सकाळी जुन्या गोदामासमोर सत्तावीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. कुणाची गाडी ब्रेक दाबला की किंचाळायची, कुणाची कण्हायची, दातांच्या डॉक्टरांची तर अशी कुईं करायची की त्यांच्याच पेशंटांना दवाखान्याची आठवण यावी. या सगळ्या गाड्यांना निःशब्द महाराजांकडून मौनदीक्षा घ्यायची होती. महाराजांचं नाव गाड्यांपुरतंच खरं होतं. स्वतः महाराज आठ वाजता माइक हातात घेत, तो एक वाजेपर्यंत सोडत नसत.

"ब्रेक म्हणजे संयम," महाराज सांगत होते. "ज्याच्या घरी संयम नाही, त्याची गाडी ओरडते. आणि बाळांनो, ओरडते ती गाडी नव्हे. गाडीच्या आधीच्या मालकाचा अतृप्त आत्मा ओरडतो."

"आमची तर कोरी घेतलेली," मागून एक जण म्हणाला.

"मग कारखान्यातल्या कामगाराचा," महाराज म्हणाले. अडखळले म्हणून नाहीत.

विधी सोपा होता. गाडी गोदामात जायची, मधे जाड पडदा पडायचा. मालकाने बाहेर डोळे मिटून बसायचं. आत डोकावलं तर गाडीचा आवाज डोकावणाऱ्याच्या घशात जाऊन बसतो, अशी ताकीद होती. आत दोन शिष्य वीस मिनिटं 'मंत्रसाधना' करायचे. मंत्रात लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज बराच असायचा. गाडी बाहेर आली की महाराज सगळ्यांसमोर बॉनेट उघडत, ब्रेक-ऑइलच्या छोट्या पांढऱ्या भांड्याचं झाकण काढत आणि झारीतून शांतिजल ओतत. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर आठवडाभर जळत असलेला ब्रेकचा लाल दिवा विझलेला असायचा. मैदानाला फेरी मारली की आवाजही गायब.

हे मी स्वतः पाहिलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. चूक दिसली की माझं पेन आपोआप थांबतं. इथे आवाज खरोखर गेला होता, दिवाही खरोखर विझला होता. चूक होती, पण ती कुठल्या ओळीत, ते सापडत नव्हतं.

माझा मेहुणा शाळेची व्हॅन चालवतो. माझी मुलगी त्याच व्हॅनमधून जाते आणि त्याला मामा म्हणते, म्हणून बाकीची दहा मुलंही त्याला मामाच म्हणतात. त्याच्या व्हॅनचा आवाज महिनाभर इतका वाढला होता, की ती कोपऱ्यावर वळली की गल्लीतल्या आया मुलांच्या पायांत मोजे चढवायला घेत. पुढे लाल दिवाही लागला.

"गॅरेजमध्ये दाखव," मी म्हणालो.

"गॅरेजवाला दिवसभर व्हॅन अडकवतो, भाऊजी. मुलांना नेणार कोण? महाराजांकडे वीस मिनिटांत काम होतं."

मीही फार जोर लावला नाही. त्या आवाजाने माझंही डोकं उठलं होतं. गेला तर बरंच, असं मनात आलं, हे कबूल करतो.

दीक्षा झाली आणि व्हॅन मांजरासारखी चालू लागली. बाराव्या दिवशी दुपारी शाळेच्या टेकडीवरून उतरताना मेहुण्याचा पाय ब्रेकवर होता. उतार लांब, वळणं तीन, पुढे सिमेंटचा ट्रक रखडलेला. दुसऱ्या वळणावर पेडल पायाखालून गेलं.

"दाबलं, तर खाली काही नव्हतंच," तो नंतर मला सांगत होता. "कापसात पाय घातल्यासारखं. मुलं मागे गाणं म्हणत होती."

त्याने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि एका बांधकामापुढच्या वाळूच्या ढिगात व्हॅन घातली. अकरा मुलं वाचली. एकाची हनुवटी फुटली, माझ्या मुलीचा ओठ सुजला. मेहुणा रस्त्याच्या कडेला बसून राहिला. तासाभराने त्याने पेडल दाबून पाहिलं, तर पहिल्यासारखं कडक.

ही बातमी महाराजांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी माइकवरून घोषणा झाली, "ब्रेक परत कसा आला? आणि वाळू तिथेच कशी होती? बाळांनो, ती वाळू नव्हती. तो मी होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. येत्या शनिवारी मेहुण्याने मंचावर येऊन अनुभव सांगावा, असं ठरलं. तो तयारही झाला. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी आपल्याला वाचवलं असं वाटलं, की तो हिशेब विचारत नाही.

माझी थोरली बहीण, ताई, मुलीला पाहायला आली ती त्याच आठवड्यात. बस डेपोत ब्रेकच्या खात्यात तिने बावीस वर्षं काढली आहेत. तिने मुलीचा ओठ पाहिला, मग मेहुण्याकडे वळली.

"थंड झाल्यावर पेडल परत कडक झालं?"

"हो, ताई."

"भांड्यात त्यांनी ओतलं त्याला वास होता?"

"नाही. शांतिजल होतं ते."

"म्हणजे पाणी," ताई म्हणाली आणि जॅक मागितला. पुढचं चाक उतरवून ती बराच वेळ आत बघत राहिली. मग मेहुण्याला म्हणाली, "ही व्हॅन आता हलवायची नाही. शनिवारी तू मंचावर जा. मीही येते."

शनिवारी गर्दी दुप्पट होती. अनुभव सांगायला मेहुणा उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "माझ्याऐवजी ताई बोलतील." ताईने टेबलावर भंगारातून आणलेलं ब्रेक-ऑइलचं भांडं ठेवलं. त्याला तिने बॅटरी आणि लाल दिवा जोडला होता. दिवा जळत होता.

"महाराज, थोडं शांतिजल?"

महाराजांनी प्रसन्नपणे झारी वाकडी केली. दिवा विझला. लोकांनी हात जोडले. ताईने भांडं उपडं करून रिकामं केलं, दिवा पुन्हा लागला. मग तिने पिशवीतून थर्मास काढला आणि भांड्यात चहा ओतला. दिवा विझला.

"साखर कमी आहे," ताई म्हणाली, "पण शक्ती तेवढीच आहे."

हशा पिकला. ताईने भांड्यात बोट घालून तरंगणारा तुकडा दाखवला. "हा वर आला की दिवा विझतो. खाली काय ओतलंय ते त्याला कळत नाही."

"दिवा बाह्य आहे," महाराजांनी माइक जवळ घेतला. "आवाजाचं काय?"

दातांच्या डॉक्टरांचा नंबर मागे लागलाच नव्हता; त्यांची गाडी तेवढ्यात दीक्षा घेऊन बाहेर आली होती. "डॉक्टर, चाक उतरवू?" ताईने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "उतरवा की."

महाराज आता निःशब्द होण्याच्या मार्गाला लागले होते. "पवित्र चाकाला हात लावाल तर—" ते म्हणाले. तेवढ्यात मेहुणा उठला आणि गोदामाकडे चालू लागला. "आवाज घशात बसेल," एक शिष्य ओरडला.

"बसू दे," मेहुणा म्हणाला आणि त्याने पडदा ओढला.

आत जॅक होता, पाना होता, पक्कड होती. शेजारी बिस्किटांचा डबा, आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या पोलादी पट्ट्या. मूठभर तरी असतील. मेहुण्याने डबा आणून टेबलावर ओतला. ताईने आतल्या जॅकने चाक उतरवलं आणि एक पट्टी डॉक्टरांच्या ब्रेकला लावून पाहिली. ताज्या कापलेल्या, चकाकणाऱ्या टोकाला ती बरोबर जुळली.

"ब्रेक दाबला की हे पॅड चकतीला घासतं आणि गाडी थांबते," ताई म्हणाली. तिने झिजलेल्या पॅडवर बोट ठेवलं होतं. "घासून ते झिजतं. फार झिजलं, की ही पट्टी चकतीला टेकते आणि किंचाळते. मुद्दाम बसवलेली असते, तुम्हाला कळावं म्हणून. पॅड झिजलं की ऑइल पुढे सरकतं, भांड्यात कमी होतं, दिवा लागतो. कधी ऑइल गळत असलं तरी लागतो. यांनी पट्टी कापली आणि भांडं पाण्याने भरलं. पॅड तेवढंच झिजलेलं राहिलं. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी उकळलं, वाफ झाली. वाफ दाबली तर दबते, म्हणून पेडल खाली गेलं. थंड झालं, वाफेचं पाणी झालं, पेडल परत आलं. यात महाराज कुठेच नव्हते. त्याआधी मात्र होते."

महाराज मागच्या दाराने गेले, तेव्हा हातातला माइक चालूच राहिला होता. त्यांच्या धापा आम्हाला बऱ्याच अंतरापर्यंत ऐकू आल्या. डबा आणि झारी घेऊन डॉक्टर तक्रार द्यायला गेले. बाकीच्यांनी त्या दिवशी गाड्या ढकलत नेल्या.

मेहुण्याने चारही चाकांची पॅडं बदलली, जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरलं. त्यानंतर तो अकराही घरी गेला. मी सोबत येतो म्हणालो, तर नको म्हणाला. प्रत्येक दारात त्याने एकच सांगितलं, की गाडी सांगत होती आणि मी तिचं तोंड बंद करून घेतलं. हनुवटी फुटलेल्या मुलाच्या आईने, "आमचा मुलगा उद्यापासून येणार नाही," असं सांगून दार लावून घेतलं. परत येऊन तो मला म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं."

हे सगळं लिहिलं ते महाराजांना हसण्यासाठी नाही, हसून झालंय. मी त्यांच्या मैदानात हात बांधून उभा होतो आणि घरी माझी मुलगी त्या व्हॅनची वाट पाहत होती, म्हणून लिहिलं. गाडी ओरडत असेल, दिवा लागला असेल, तर आवाज कसा जाईल हे विचारण्याआधी तो का येतोय ते विचारा. ज्याच्याकडे दुरुस्तीला न्याल, त्याला म्हणा, काय झिजलं होतं ते दाखव, जुना भाग माझ्या हातात दे. जो देईल त्याच्याकडे पुन्हा जा. जो डोळे मिटायला सांगेल, त्याच्यासमोर ते सताड उघडे ठेवा.