चार नंबरचे केस

स्टुलावर चढून तिनं पहिली फ्रेम खिळ्यावरून उचलली आणि तिच्यामागे फ्रेमच्याच आकाराचा एक स्वच्छ पांढरा चौकोन उघडा पडला. बाकीच्या भिंतीचा रंग काय झाला होता हे त्या चौकोनामुळे प्रथमच कळलं. कळून कुणाला बरं वाटलं असं नाही.

“बसा हो काका,” ती वरूनच म्हणाली. “एवढं उतरवते आणि तुमचं घेते.”

काका दाराशीच उभे राहिले. ते निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर होते. कारखान्यांतले बॉयलर फुटणार नाहीत अशा सह्या करण्यात त्यांची नोकरी सरली होती आणि सही केलेल्यांपैकी एकही बॉयलर फुटला नव्हता, त्यामुळे त्यांचं नाव कुठेच झालं नाही. गल्लीत त्यांना नुसतं ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. नवे भाडेकरू काही दिवस बिचकून असत, मग खरा प्रकार कळला की नमस्कार करणंही सोडून देत.

सलून तिच्या वडिलांचं. ते गेल्या वर्षी वारले आणि मुलीनं कात्री हातात घेतली. आता ती दुकानाचं रूप बदलायला निघाली होती. इन्स्पेक्टरांच्या कानावर ते आलं होतं, म्हणून तर ते आज दाढीचा वार नसताना आले होते.

भिंतीवरचे फोटो एका विशिष्ट दशकातले होते. त्या दशकात पुरुषांना कान नव्हते. ज्याचे कान दिसत तो एकतर सैन्यात असे किंवा घरच्यांच्या धाकात. प्रत्येक फोटोखाली नंबर होता. गिऱ्हाइकानं खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचं आणि नंबर सांगायचा. एक नंबरचा मधोमध भांग होता आणि दोन्हीकडे केस पडदे ओढल्यासारखे. दोन नंबरचे केस मधमाश्यांनी मन लावून बांधल्यासारखे. तीन नंबरचे कल्ले जबड्यापर्यंत उतरलेले, त्यामुळे त्याचा चेहरा कुणीतरी कंसात टाकल्यासारखा दिसे. आणि चार नंबर: बाजूनं भांग, कपाळावर उठलेली एक लाट, तिथून कानांवरून मागे गेलेले दाट केस, ते कॉलरला टेकून पुन्हा जरासे बाहेर वळलेले, निघता निघता काहीतरी आठवल्यासारखे.

चार नंबर म्हणजे इन्स्पेक्टर.

तेव्हा ते नोकरीला नुकते लागले होते आणि सलूनही नुकतंच उघडलं होतं. भिंतीवर लावायला डोकी हवी होती. तिच्या वडिलांनी त्यांना खुर्चीत बसवलं, एक अख्खी दुपार त्या डोक्यावर घालवली, आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला बोलावून फोटो काढून घेतला. पुढे थोड्याच वर्षांत ते केस गेले. भांडण नाही, तंटा नाही. रोज थोडे थोडे उशीवर राहिले. लग्न ठरेपर्यंत लाट पार ओसरली होती. बायकोला त्यांनी एकदा सांगितलंही, की मी असा होतो. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “असेल.” मग तीही गेली, आणि ‘असेल’ म्हणणारंसुद्धा घरात कुणी राहिलं नाही.

राहिले होते ते या सलूनवालीचे वडील. कानांच्या वर उरलेली झालर कापताना ते अधूनमधून, दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणायचे, “काय चार नंबर, बरंय ना?” तेवढ्यासाठी इन्स्पेक्टर कापण्याजोगे केस नसतानाही येत असत.

घरून निघताना त्यांनी दोन वाक्यं पाठ केली होती. तो चार नंबरचा फोटो मला मिळेल का? तो मी आहे. दुसऱ्या वाक्याची तयारी जास्त करावी लागली, कारण रिकाम्या घरातसुद्धा ते खोटं वाटत होतं.

“हे सगळं टाकून देणार?” त्यांनी विचारलं.

“टाकते कशाला! जुनं तेच आता नवं झालंय, काका. पोरं मोबाइलवर आजोबांचा फोटो घेऊन येतात. म्हणतात, अस्सेच पाहिजेत. आजोबा घरी बसलेले असतात हं, पण त्यांच्याशी कोण बोलणार? फोटो बरा.” तिनं तीन नंबर खाली ठेवला. “बाकीचे माळ्यावर जाणार. हा मात्र…” चार नंबर काढून तिनं तो बाहीनं पुसला. “हा भिंतभर करून घेणार. दारातून आत आलं की पहिला हाच दिसला पाहिजे.”

इन्स्पेक्टरांनी घसा साफ केला. “त्या फोटोबद्दलच मला जरा…”

“काय देखणे होते ना बाबा?”

“कोण?”

“बाबा! हे बाबाच की. तुम्ही इतकी वर्षं येताय आणि तुम्हाला माहीत नाही?” स्टुलावरच ती हसली. “मी लहान होते तेव्हा विचारलं होतं त्यांना, हा सगळ्यात छान दिसतोय तो कोण? तर म्हणाले, मीच की. त्यांचा तरुणपणीचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडे. खालच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेसकट सगळे गेले. हा एक दुकानात होता म्हणून वाचला.”

तिचे वडील बुटके होते, रुंद जबड्याचे. त्यांचे केस तारेच्या ब्रशसारखे उभे राहत, म्हणून त्यांनी ते जन्मभर बारीक कापून काबूत ठेवले. फोटोतल्या माणसाशी त्यांचं साम्य एवढंच की दोघंही पुरुष होते. पण लहानपणी ऐकलेली गोष्ट कुणी तपासून बघत नाही. तपासणं हाच ज्यांचा धंदा असतो, तेही बघत नाहीत.

“तुम्ही होतात का हो, हा काढला तेव्हा?”

“होतो,” इन्स्पेक्टर म्हणाले. हे उत्तर त्यांनी आजवर केलेल्या कुठल्याही सहीइतकं खरं होतं.

“मग मला एक सांगा. हे कापले कुणी? मी किती दिवस डोकं खाजवतेय. कानावरून मागे हा जो वळसा घेतलाय ना, तो स्वतःचा स्वतःला घेताच येत नाही. आणि बाबा तर दुसऱ्या कारागिराला डोक्याला हात लावू देणारे नव्हते.”

तिनं फ्रेम छातीशी धरली होती. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ती बोलताना किंचित डुलत होती. इन्स्पेक्टरांनी पाठ केलेलं दुसरं वाक्य तोंडाशी येऊन थांबलं.

“मी,” ते म्हणाले.

“तुम्ही?”

“म्हणजे, सांगत तेच होते. इथं धर, तिथं ओढ, आता सोड. मी आपला कंगवा धरला होता.”

ती इतकी हसली, की तिला खाली उतरावं लागलं. “बॉयलरवाले काका! आणि स्फोट नाही झाला?”

“माझ्या हातून कधीच झाला नाही,” इन्स्पेक्टर म्हणाले.

त्या दिवशीची दाढी बराच वेळ चालली. ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. बाबा खुर्चीत किती स्थिर बसले होते. नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत. फोटो झाल्यावर रस्त्यानं जाताना प्रत्येक दुकानाच्या काचेत कसे बघत गेले. लाट मोडू नये म्हणून त्या रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्याच कसे झोपले. सगळं अक्षरशः खरं होतं. फक्त माणूस बदलला होता. आपलं सुख दुसऱ्याच्या नावावर करायला अर्जबिर्ज काही लागत नाही, हे बघून सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या इन्स्पेक्टरांना नवल वाटलं.

सलून पुन्हा उघडलं तेव्हा चार नंबर जमिनीपासून छतापर्यंत भिंतीवर होता. एकेक भुवई फूटपट्टीएवढी. खुर्च्या भरलेल्या होत्या. इन्स्पेक्टर आत येताच तिनं हातातली कात्री उंच केली.

“हे बघा, हे ते काका. भिंतीवरचे केस ना, ते यांनी कापलेत.”

“काय सांगता!” एकजण खुर्चीतून मागे वळला. “काय हात असेल हो तुमचा!”

सगळ्यांनी इन्स्पेक्टरांच्या हातांकडे बघितलं. ते हात कुठे ठेवावेत हे न सुचून त्यांनी खिशात घातले. पाठीमागे भिंतीवर तोच चेहरा भिंतभर होता आणि खाली तोच पुन्हा, थोडा आक्रसलेला. पण हातांवरून नजर वर नेण्याची गरज कुणाला भासली नाही.

निघताना तिनं मूळ फ्रेम त्यांच्या हातात दिली. “मोठा झाला ना आता. हा तुम्ही ठेवा, काका. तुमचे मित्रच होते. आणि आमच्याइतकीच तुम्हालाही आठवण येत असणार.”

जे मागायला गेले होते ते असं न मागताच मिळालं. घरी आल्यावर त्यांनी फ्रेम जेवणाच्या टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवली. टेबल चौघांचं होतं. ती जागा कधीच कुणाची नव्हती. मग ते समोर बसले आणि पोळीचा तुकडा मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

फोटो रुंद झाला होता. भिंतीवर होता तेव्हा त्याच्या चारी बाजूंना काळ्या पुठ्ठ्याची चौकट असे. मोठा करणाऱ्यानं काम करताना ती काढली होती आणि परत बसवायचा कंटाळा केला होता. पुठ्ठ्याखाली इतकी वर्षं झाकलेली कड आता उघडी होती. त्या कडेला आरशाचा एक तुकडा आला होता, आणि आरशात एक बुटका, रुंद जबड्याचा, बारीक केसांचा तरुण कंगवा धरलेला हात अर्धवट खाली घेऊन उभा होता. आपण फोटोत येतोय याचा त्याला पत्ता नव्हता. तो समोरच्या डोक्याकडे बघत होता. तोंड थोडं उघडं, डोळे निवलेले. इतक्या कौतुकानं आपल्याकडे तेव्हा कुणी बघत होतं, हे इन्स्पेक्टरांना आत्ता कळलं.

पुठ्ठा त्यानंच कापला असणार. सगळ्या फ्रेमा तो स्वतःच बांधायचा. स्वतःला नेमकं झाकलं, आणि पुढे मुलीनं विचारलं तेव्हा म्हणाला, मीच की.

इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी मुद्दाम सलूनवरून गेले आणि काचेतून भिंत बघून आले. भिंतीवर नुसता चेहरा होता. आरसा कापला गेला होता.

फ्रेम बरेच दिवस टेबलावर राहिली. घरात पुष्कळ वर्षांनी तिघं जेवत होते, त्यातला एक त्यांना ओळखणारा. कुणी मागायला येणार नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. एकदा त्यांनी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुन्हा सोडून जागेवर ठेवली. मग एका दुपारी पुन्हा गुंडाळली आणि चपला घालून थेट बाहेर पडले.

सलूनमध्ये कुणी नव्हतं. ती खुर्चीखालचे केस झाडत होती.

“हे परत आणलंय,” इन्स्पेक्टर म्हणाले.

“का हो? लावायला खिळा नाही का?”

“कडेला बघ. आरशात.”

ती फ्रेम घेऊन दाराशी उजेडात गेली. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं काच एकदा बोटानं पुसली, मग ओढणीनं पुसली.

“बाबा,” ती म्हणाली. ती विचारत नव्हती.

इन्स्पेक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

मग ती म्हणाली, “कंगवा त्यांच्या हातात आहे.”

“हो.”

“आणि तुम्ही तर म्हणालात…”

“हो.”

ती वळली. तिनं भिंतीकडे बघितलं, मग इन्स्पेक्टरांकडे. आणि या खेपेला हातांकडे नाही. भुवया, नाक, हनुवटी, आणि मग तिथून वर, जिथं आता काही नव्हतं तिथंही. नवं गिऱ्हाईक आलं की कात्री उचलण्याआधी बघायची तसं, सावकाश.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू स्टुलावर होतीस,” इन्स्पेक्टर म्हणाले.

ती हसली नाही. ओढणीचं टोक तिनं एकदा डोळ्यांना लावलं. “भिंतीवरचं आता निघणार नाही, काका. चिकटवून घेतलंय. काढायचं तर गिलाव्यासकट काढावं लागेल.”

“राहू दे. दुकान चालतंय.”

तिनं फ्रेम आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी, कापताना आपल्याला दिसेल अशी ठेवली. मग मधली खुर्ची त्यांच्याकडे फिरवली.

“बसा.”

ते बसले. तिनं धुतलेलं कापड झटकून त्यांच्या अंगावर घातलं आणि मानेशी फार घट्ट नाही असं बांधलं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून गेलेल्या त्या विरळ पांढऱ्या झालरीवर पाणी मारलं. ती मशीन उचलील म्हणून इन्स्पेक्टरांनी सवयीनं मान खाली घातली. तिनं बोटानं त्यांची हनुवटी वर केली, कंगवा घेतला आणि ती मागे उभी राहिली.

“कसे कापू?” तिनं विचारलं.

हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. इन्स्पेक्टर आरशात बघून विचार करू लागले. तिला घाई नव्हती.