वाकलेलं टोक

मी चिमटा बोलतोय. भुवया कोरायचा नव्हे हो. गुन्हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला, कपड्यांवरचे केस नि धागे वेचणारा. वीस वर्षं तिथल्या तपासनीस बाईंच्या हातात काढली. मी उचललेल्या एकेका धाग्याने माणसं तुरुंगात गेली, आणि मला त्याचा केवढा तोरा होता! आता तोंड दाखवायची लाज वाटते.

एकदा फरशीवर पडून माझं डावं टोक किंचित वाकलं. तेव्हापासून त्यात धागे अडकायचे. "नवा मागवायला हवा," बाई म्हणायच्या, पण त्यांचा हात माझ्यावरच बसलेला. मलाही तो हात सोडवत नव्हता.

आमच्याकडे नियम आहे: आरोपीचे आणि मृताचे कपडे एकाच दिवशी उघडायचे नाहीत. पण त्या दिवशी साहेबांनी घाई लावली, "दोन्ही आजच उरका." सकाळी बाईंनी एका ड्रायव्हरचा हिरवा स्वेटर तपासला, दुपारी खून झालेल्या दुकानदाराचा शर्ट. मधे टेबलावरचा कागद बदलला. मला मात्र नुसतं कोटाला पुसलं. शर्टावर हिरवा धागा मिळाला. साहेब खूश. ड्रायव्हरला जन्मठेप.

तो धागा तिथे मीच टाकला होता.

निकालानंतर ड्रायव्हरची बहीण आली. "मॅडम, खून झाला तेव्हा स्वेटर माझ्या घरी होता, कोपर रफू करायला. पोलिसांनी तिथूनच नेला. मीच विणलेला, आणि माझ्याच भावाच्या मुळावर उठला."

"ताई, धागा खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या.

बहिणीने पिशवीतून त्याच लोकरीचा उरलेला गुंडा काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

बाईंनी जुनी वही उघडली. दोन्ही नोंदींवर एकच तारीख. मग त्यांनी माझ्या टोकांत ती लोकर धरून सोडली, त्या दिवशीसारखं मला कोटाला पुसलं आणि कोऱ्या कागदावर झटकलं. हिरवा धागा पडला. बाई तशाच उठून साहेबांकडे गेल्या नि सगळं सांगितलं.

"कोर्टाला कळवलंत तर नोकरी जाईल," साहेब म्हणाले.

"जाऊ दे. तो माणूस आत बसलाय."

त्यांनी मला पाकिटात घालून लाखेचं सील लावलं, आणि सोबतच्या पत्रात स्वतःची चूक लिहून खाली सही केली. तीन महिने झाले, मी कोर्टाच्या कपाटात पडून आहे.

जो कोणी हे पाकीट फोडेल, त्याने माझं डावं टोक भिंगाखाली धरावं. बाईंना काय बोल लावायचा तो नंतर लावा; आधी मला बघा. ड्रायव्हर अजून आत आहे. जरा लवकर उघडा.