पितांबरचे चार टायर

पितांबरला राग यायला एरवीही फारसं कारण लागत नसे, पण त्या उन्हाळ्यात कारण होतं. त्याला गाडीला टायर घ्यायचे होते आणि टायरमधलं अख्ख्या जळगावला कळत होतं.

शेजारचा पेन्शनर म्हणे ट्रकवाल्यांचेच बघ, दहा वर्षं मरत नाहीत. चहावाला म्हणे रिमोल्ड टाक, जुन्यावर नवं रबर चढवून मिळतं, कशाला खर्चात पडतोस. ज्यांनी जन्मात सायकलची ट्यूब बदलली नव्हती तेही टायरला अंगठा लावून मान हलवून जायचे. पितांबर दात आवळून ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन भांडी आदळायचा.

"आपल्या गाडीत तिघं बसतात," त्याची बायको मंदाबाई म्हणायची. "तुम्ही, मी आणि तुमचा राग. पुढची जागा तोच अडवतो."

गाडी म्हणजे लाल हेराल्ड. दोन दारांची, कापडी छत मागे दुमडता येणारी. अमळनेरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं घेतली आणि हौस फिटल्यावर गोठ्याच्या कडेला सोडून दिली. पितांबरनं ती तिथून कोंबड्या हाकलून उचलून आणली होती. जळगावच्याच पिंप्राळ्यात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. नव्वद सालानंतर घरोघरी टीव्ही आले, दुकानाला बरे दिवस आले आणि पितांबरचे सगळे रविवार त्या गाडीच्या पोटात गेले. एरवी ती बिघडलेले टीव्ही वाहायची, मंदाबाईला बाजारात न्यायची. वर्षातून एकदा मात्र ती शर्यतीत धावायची. धुळ्याबाहेर एका बंद गिरणीचं मोठं डांबरी आवार होतं, तिथे रिकामे पिंप मांडून वळणं करायची आणि मोटारी पळवायच्या, असा तिथल्या काही हौशी लोकांचा कार्यक्रम असे.

गेल्या वर्षी पितांबर शेवटचा आला होता. इंजिन कुठेच कमी पडलं नव्हतं. टायर जुने, रबर लाकडासारखं झालेलं, प्रत्येक वळणावर गाडी बाहेर फेकली जायची. पहिला आला ठेकेदाराचा लीलाधर. लीलाधरची मोटार ट्रकवर बसून यायची. तिचे शर्यतीचे टायर वेगळे, रस्त्याचे वेगळे. "पितांबरशेठ," तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "टीव्हीत काय दिसतं ते बघत जा, शर्यत आमच्यावर सोडा."

लीलाधरचं बोलणं पितांबरनं एक वेळ गिळून टाकलं असतं. त्याला गिळता येत नव्हतं ते बापाचं बोलणं.

पितांबरचे वडील चिंधा पाटील, सगळे त्यांना आबा म्हणत. पारोळ्याजवळच्या खेड्यात राहायचे. तरुणपणी त्यांच्या बैलजोडीनं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, गाजवले होते, पंचक्रोशीत अजून नाव निघे. लाल हेराल्ड पहिल्यांदा गावात गेली तेव्हा अख्खं गाव भोवती जमलं. पितांबरनं दार उघडून धरलं. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टपाच्या कापडाला बोट लावलं आणि म्हणाले, "जी गाडी पट मारत नही, तिन्हामा मी बसाव नही."

लोक हसले. पितांबरनं दार लावलं. त्याला पाच वर्षं झाली. त्या पाच वर्षांत आबा जळगावला आले ते एसटीनं, गेले ते एसटीनं. एकदा ताप अंगात असताना उन्हात बसची वाट बघत उभे राहिले, पण गाडीत पाय ठेवला नाही. म्हातारा इतका हटवादी की त्याच्यापुढे दगड शहाणा म्हणावा. आणि पितांबर त्याचाच मुलगा. त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं: शर्यत मारायची, गाडी घेऊन बापाच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, बसा आता.

म्हणून टायर. धुळ्याला आग्रा रोडवर वनाचं टायरचं दुकान होतं. पितांबर तिथे इतक्या वेळा गेला की वनाला तो दिसला की डोकं धरायची सवय लागली.

"पितांबरभाऊ, तुम्ही काय मागता ते तुम्हाला तरी कळतं का?" वना म्हणाला. "रस्त्याला कडक रबर लागतं. शर्यतीला मऊ लागतं, डांबराला चिकटणारं. तुम्हाला दोन्ही एकाच टायरात पाहिजे, आणि वर स्वस्त पाहिजे."

"मी जळगावहून गाडी चालवत येणार, त्याच चाकांवर शर्यत धावणार, त्याच चाकांवर टीव्ही घेऊन घरी जाणार. माझ्याकडे ट्रक नाही. मग काय धावूच नको?"

"माझ्यावर का ओरडता? मी ठेकेदार आहे का?"

वनानं मुंबईहून आलेली एक परदेशी जोडी दाखवली. रबर इतकं मऊ की नख रुतलं. पितांबरचा जीव गेला तिच्यावर, पण आमच्याकडचा उन्हाळा आणि आमच्याकडचा रस्ता तिनं दोन महिने सोसला नसता, आणि बाभळीच्या पहिल्या काट्यानं तिचं पोट फाडलं असतं. रिमोल्ड त्यानं हातात सुद्धा घेतलं नाही. भर वेगात वर चढवलेला पट्टा सुटला तर गाडी कुठे जाईल ते तिलाही माहीत नसतं. टॅक्सीवाले घेतात ते कडक टायर म्हणजे पुन्हा गेल्या वर्षीची घसरगुंडी. आणि त्यातही हेराल्डचं चाक फियाटपेक्षा लहान, म्हणजे समोर ढीग असला तरी त्यातले निम्मे बसणारच नाहीत. पितांबर त्या ढिगापुढे उभा राहून लीलाधरच्या नावानं बोटं मोडत होता.

शेवटी एक मधलं सापडलं. देशी रेडियल, रबर ना फार मऊ ना फार कडक, मूळ मापापेक्षा बोटभर रुंद. रस्त्यावर हवा जास्त ठेवायची, शर्यतीआधी थोडी सोडायची, कारण वेगानं टायर तापला की आतली हवा आपोआप वाढते. डिकीत एक पायपंप टाकला की झालं. चार टायर घेतले. मंदाबाईच्या शिवणयंत्राचा विषय पुढच्या दिवाळीवर गेला, आणि ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही ते वेगळंच.

नव्या टायरवर कारखान्यातून येतो तो एक मेणचट थर असतो. तो घासून गेल्याशिवाय टायर धरत नाही. त्यासाठी पितांबर महिनाभर काम असो नसो जळगाव-पारोळा करत राहिला. थर गेला, रबर खरखरीत काळं पडलं. वळणावर आता गाडी शब्द ऐकायची. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की यंदा जमेल.

शर्यतीच्या सकाळी तो छत दुमडून धुळ्याला पोचला. आवारात सावलीला गाडी लावली, हवा मोजून सोडली आणि रेघेवरच्या जागांसाठी चिठ्ठ्या काढायच्या होत्या म्हणून मांडवाकडे गेला. तिथे नियमांवरून कोणाशी तरी वाजलं. त्याचं वाजणारच. परत आला तर गाडीपाशी आबा उभे. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, खांद्यावर पिशवी. बॉनेटवर कुंकवाचं बोट उमटलेलं.

"तुम्ही इथे कसे?" पितांबरच्या तोंडून निघालं.

"एसटीनी उनू," आबा म्हणाले. "तुन्हा पट पाहाले."

पितांबरला बोलायला सवड नव्हती, शिट्टी वाजली होती. चाकं चकाकताना त्याला दिसली. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं ओल्या फडक्यानं पुसली असतील. तो बसला, पट्टा आवळला आणि गाडी रेघेवर नेली. बाप बघतोय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

निशाण पडलं. रेघेवरच्या चारही गाड्या सुटल्या. हेराल्डची मागची चाकं जागच्या जागी फिरली, मग गाडी उडी मारून निघाली. पहिल्या वळणाला पितांबरनं स्टिअरिंग फिरवलं. गाडीनं ऐकलं नाही. ती सरळ गेली, मग तिचं ढुंगण पुढे आलं, एक गिरकी, दुसरी गिरकी, तीन पिंप आडवे आणि इंजिन बंद. बाकीच्या गाड्या लांब निघून गेल्या. धूळ खाली बसली तेव्हा पितांबर त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.

शर्यत संपवून, पहिला येऊन, लीलाधर चालत आला. त्यानं वाकून टायरवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"तिळाचं आहे," तो जमलेल्यांना म्हणाला. "पितांबरशेठ, भजी तळायची होती का?"

माणसं पोट धरून हसली. आणि त्या हशातून आबा पुढे आले. हातात रिकामी बाटली, चेहरा उजळलेला. लोक कशाला हसताहेत हे त्यांना कळलंच नव्हतं.

"मी लावं तेल," ते म्हणाले. "बठ्ठा चाकेस्ले लावं. माले वाटनं, मोकळं पळी."

पितांबर गाडीतून उतरला. शहरातली भाषा गळून पडली आणि लहानपणची तोंडात आली.

"तुमले कोनी बलावं व्हतं? हाऊ बैल शे का? जनम गया तुमना बैलेसना शेपट्या पिळामा, तरी अक्कल नही उनी. जा आते. मन्हा डोयासमोर उभा राहू नका."

हसणारे दोन पावलं मागे सरले. आबांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. त्यांनी बाटली जपून पिशवीत ठेवली, फेट्याचं टोक खोचलं आणि फाटकाबाहेर स्टँडच्या रस्त्याला लागले.

पितांबरनं त्यांना जाऊ दिलं. त्याला वाईट वाटलं नाही. राग आला होता आणि तो खरा होता. महिनाभर घासून काढलेला थर त्या म्हाताऱ्यानं बाटलीभर तेलानं परत चढवला होता. शर्यत बघायला आलेल्या वनानं पेट्रोलचं फडकं आणून दिलं. पितांबर शिव्या देत एकेक टायर पुसायला बसला.

पुढचे दोन पुसून झाले. मागचा डावा पुसताना त्याचा हात थांबला. तेल नुसतं दिसणाऱ्या बाजूला नव्हतं. प्रत्येक खाचेत बोट फिरलेलं होतं. तो आडवा होऊन खाली शिरला. आतल्या बाजूलाही तेल, वरपासून खालपर्यंत, एक वीत सुटलेली नाही. म्हणजे म्हातारा पांढऱ्या धोतरासकट इथे डांबरावर पाठ टेकून गाडीखाली शिरला होता.

पितांबर तसाच गाडीखाली पडून राहिला.

लहानपणी पटाच्या सकाळी आबा स्वतः जोडीला तेल चोळायचे. खांदे, पाय, खुरांच्या बेचक्या. एकदा पितांबरनं कौतुकानं तेलाच्या वाटीत हात घातला तर फाडकन कानाखाली बसली होती. पटाच्या जोडीला तेल घरधन्यानंच लावायचं, परका हात लागायचा नाही. दुसऱ्याच्या जोडीला आबांनी कधी बोट लावलं नाही, कोणी पाया पडलं तरी नाही. ज्यानं तेल लावलं त्याची जोडी. हा गावाचा कायदा होता आणि तो मोडलेला पितांबरनं कधी पाहिला नव्हता.

"अरे म्हाताऱ्या," तो गाडीखालून म्हणाला. "हे तोंडानं सांगता येत नव्हतं?"

त्यानं चौथा टायर पुसला नाही. वना मागून काहीतरी ओरडत होता, पण गाडी फाटकाबाहेर पडली होती.

पारोळ्याची एसटी त्याला फागण्याच्या पुढे सापडली. मागच्या काचेतून पांढरा फेटा दिसत होता. ती बस त्याला एका दमात मागे टाकता आली असती, पण तो मागेच राहिला. छत उघडं, बसचा धूर थेट तोंडावर. मुकटीला बस थांबली तसा तोही थांबला. कंडक्टरनं दोनदा हात दाखवला, जा पुढे. तो गेला नाही. आबांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि पितांबरला पुन्हा राग आला. या वेळी कोणाचा ते त्याला नीट कळत होतं.

पारोळ्याला आबा उतरले आणि गावाच्या वाटेनं चालू लागले. पितांबरनं गाडी त्यांच्या बाजूला नेली आणि आतून दार ढकललं.

"बठा, आबा."

"पट कोठे मारा तू?" आबा चालता चालताच म्हणाले.

"नही मारा. हारनू. तुमना तेलनी हारनू. माले आजून राग शे." त्यानं दार आणखी पुढे ढकललं. "पण मी जे बोलनू ते बोलाले नको व्हतं. बठा."

आबा थांबले. त्यांच्या धोतराला पाठीमागे डांबराचा काळा पट्टा होता. त्यांनी बराच वेळ उघड्या दाराकडे बघितलं. मग आधी पिशवी आत ठेवली, मग एक पाय, मग दुसरा, आणि फेटा सावरून ते पितांबरच्या शेजारी बसले. चेहरा अजून रागानं आवळलेलाच.

पितांबरनं गिअर टाकला. आबांनी दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरला.

"धीरे चालाड," ते म्हणाले. "चाकेस्ले तेल शे."